जादा तास घेऊनही गणित का सुधारत नाही?

महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली. नापास झालेल्या मुलाला आधी पूरक मार्गदर्शन, मग पुनर्परीक्षा, आणि तिथेही जमलं नाही तर त्याच वर्गात मुक्काम, असा नियम आहे. त्याआधीपासून ‘निपुण भारत’ची घाई आहेच. २०२१ मध्ये सुरू झालेल्या या अभियानाचं लक्ष्य असं, की २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला वाचता यावं आणि साधं गणित करता यावं. त्यामुळे जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या शाळांत जादा तास, पूरक वर्ग हे शब्द आता रोजचे झालेत. पालकांचा हिशोब सरळ असतो: तास वाढले की गणित सुधारणार. बऱ्याचदा तसं होत नाही, आणि त्याची कारणं फार गूढही नाहीत.

मागे पडलेल्या मुलाला नेमकं जे येत नाही तेवढंच वेगळं शिकवणं, याला शिक्षणखात्याच्या भाषेत उपचारात्मक अध्यापन म्हणतात. या लेखात आपण त्याला पूरक वर्गच म्हणू.

दरी किती रुंद आहे

ग्रामीण भारतातल्या मुलांना घरी जाऊन तपासणारा ‘असर’ अहवाल आहे. त्याच्या २०२४ च्या आकड्यांनुसार, तिसरीतल्या ३३.७ टक्के मुलांना दोन अंकी वजाबाकी करता आली. पाचवीतल्या ३०.७ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एका अंकाने भागता आलं. हे देशाचे आकडे आहेत आणि ते २०२२ पेक्षा सुधारलेले आहेत. तरीही अर्थ हाच, की पाचवीच्या वर्गात शिक्षक अपूर्णांक शिकवत असतात तेव्हा समोरच्या बऱ्याच मुलांचं गाडं दुसरी-तिसरीच्या गणितावर अडलेलं असतं.

अशा मुलाला संध्याकाळी तासभर थांबवून तेच अपूर्णांक पुन्हा शिकवले, तर काय होणार? केळीच्या बागेत एका ओळीतली झाडं सुकायला लागली म्हणून कोणी पंप दोन तास जास्त चालवत नाही. आधी ठिबकची नळी चाचपून कुठला ड्रीपर चोक झालाय ते बघतात. पूरक वर्गाची सुरुवातही तशीच, शोधण्यापासून व्हायला हवी. बहुतेक शाळा ती पायरी गाळतात, कारण त्या आठवड्यात ‘काहीच शिकवलं नाही’ असं दिसतं.

पहिला आठवडा फक्त तपासणीचा

लेखी चाचणी इथे पुरत नाही. मूल एकटं समोर बसवायचं, हातात पाटी द्यायची आणि पाच-सहा मिनिटं बोलायचं. चाळीस मुलांना साधारण चार तास लागतात. रोज एक तास धरला तर चार दिवसांत काम होतं.

‘असर’ची पद्धत सोपी आहे आणि कोणालाही वापरता येते. सुरुवात हातच्याच्या दोन अंकी वजाबाकीने. दोन उदाहरणं द्यायची, दोन्ही बरोबर आली तर भागाकाराकडे. नाही आली तर खाली उतरायचं: दोन अंकी संख्या वाचायला द्यायच्या, पाचपैकी चार आल्या तर ती पायरी पक्की. त्याही नाही आल्या तर १ ते ९. मूल जिथे थांबतं ती त्याची पातळी. गट या पातळीवरून पाडायचे, इयत्तेवरून नाही.

एका मोठ्या माणसामागे ८ ते १२ मुलं असावीत. पंधराच्या पुढे गेलं की तो पुन्हा वर्गच होतो. दोनशिक्षकी शाळेत तिसरी ते पाचवी एकत्र करून चारऐवजी दोनच गट करावेत: एक संख्या ओळखण्याचा, एक वजाबाकीच्या पुढचा.

एकच चूक, दोन कारणं

५२ − २७ हे उदाहरण घेऊ. पाटीवर ३५ आलं की आपण लाल फुली मारून मोकळे होतो. पण हे ३५ दोन अगदी वेगळ्या वाटांनी येतं.

पहिला मुलगा सांगतो, “सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन.” त्याने लहान अंक मोठ्यातून वजा केला. वर कोण, खाली कोण, हे त्याच्या लेखी सारखंच. ५२ म्हणजे पाच दशक आणि दोन एकक, ही गोष्ट त्याच्यापर्यंत पोचलेलीच नाही. त्याला ५ आणि २ असे दोन सुटे अंक दिसतात. हाच मुलगा ३०० − १४८ चं उत्तर २४८ काढेल.

दुसरी मुलगी सांगते, “दोनातून सात जात नाहीत, म्हणून दशक घेतला, बारातून सात गेले पाच. पाचातून दोन गेले तीन.” तिला सगळं कळलंय. फक्त दशक दिल्यावर पाचाचे चार करायचे ती विसरली. तिला काड्यांचे गठ्ठे घेऊन आठवडाभर बसवणं म्हणजे तिचा वेळ वाया घालवणं. पाच खोडून डोक्यावर चार लिहायची सवय लावली की तिचं काम दोन दिवसांत होतं.

उत्तर २४ किंवा २६ आलं असेल तर बहुधा बोटांवर मोजताना एक घर इकडेतिकडे झालंय. तो तिसराच प्रकार.

म्हणून तपासणीत सर्वांत कामाचा प्रश्न एकच: “कसं केलंस, सांग.” उत्तर बरोबर आलं तरीही विचारायचा. फक्त चुकल्यावर विचारलं तर मुलं तो प्रश्न ऐकताच उत्तर खोडायला लागतात.

त्रेसष्टचे छत्तीस का होतात

मराठीत आपण ६३ ला त्रेसष्ट म्हणतो. कानावर आधी तीन पडतात, मग साठ. मूल ऐकेल त्या क्रमाने लिहितं आणि ३६ होतं. एकोणसाठ ऐकलं की कानात साठ उरतं आणि पाटीवर ६९ येतं. एकशे पाचचं १००५ होतं, कारण ऐकल्याप्रमाणे आधी शंभर लिहिलं आणि मग पाच. या चुका निष्काळजीपणाच्या नाहीत.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशा धर्तीचं संख्यावाचन आलं तेव्हा राज्यभर टिंगल झाली. त्यातला मुद्दा मात्र खरा होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तो मांडलाही होता. पूरक वर्गात वाद न घालता दोन्ही रूपं जोडीने वापरावीत: “साठ आणि तीन, त्रेसष्ट.” सोबत ६० चं एक रुंद कार्ड आणि ३ चं एक अरुंद. तीनाचं कार्ड शून्यावर ठेवलं की ६३ दिसतं, उचललं की खालचं साठ दिसतं. पुठ्ठा आणि स्केचपेन एवढाच खर्च.

खान्देशात याच्या खाली आणखी एक थर आहे. घरात अहिराणी, सातपुड्याकडे भिली, पावरी, नवापूरकडे मावची. ‘उरले’, ‘पेक्षा जास्त’, ‘प्रत्येकी’ हे पुस्तकी शब्द अडले की मूल उदाहरणच सोडतं, आणि आपण समजतो की वजाबाकी येत नाही. तपासणी करताना एकदा घरच्या बोलीत विचारून बघावं. “कितला रायनात?” म्हटल्यावर उत्तर आलं, तर गणित ठीक आहे, शब्द शिकवायचेत. बोली येत नसेल तर गावातली एखादी ताई सोबत बसवावी.

काड्या कपाटात ठेवायला नसतात

पहिल्या मुलाकडे परत जाऊ. त्याला गठ्ठे लागतील. तुरीच्या वाळलेल्या बारीक काड्या सरळ आणि हलक्या असतात, बोटभर तोडल्या की झालं. दोघांत १२० काड्या आणि दहा-पंधरा रबर, म्हणजे बारा मुलांच्या गटाला ७२० काड्या. गठ्ठे मुलांनीच बांधायचे. दहा मोजून रबर लावताना जे कळतं ते तयार गठ्ठा हातात घेऊन कळत नाही.

आता ५२: पाच गठ्ठे, दोन सुट्या. जोडीदाराला सत्तावीस द्यायच्यात. सुट्या दोनच आहेत, सात कशा देणार? एक गठ्ठा सोडला की सुट्या झाल्या बारा, गठ्ठे उरले चार. सात दिल्या, पाच उरल्या. दोन गठ्ठे दिले, दोन उरले. पंचवीस.

इथे नेहमी होणारी चूक अशी: मूल काड्यांवर पंचवीस काढतं, आणि मग वहीत जुन्या सवयीने ३५ लिहितं. दोन उत्तरं शेजारी पडलेली असतात आणि त्याला त्याचं काहीच वाटत नाही. कारण त्याच्यासाठी काड्या हा खेळ आहे आणि वही हे गणित. या क्षणी बरोबर उत्तर सांगून टाकू नये. “यातलं खरं कुठलं? मला दाखव,” एवढंच म्हणायचं आणि थांबायचं. पुढच्या उदाहरणापासून नियम करायचा: गठ्ठा सोडला, त्याच क्षणी वहीत ५ खोडून ४ लिहिलं, २ खोडून १२ लिहिलं. हातातली प्रत्येक हालचाल लगेच अंकात उतरली पाहिजे. तीन-चार दिवसांनी काड्यांऐवजी वहीतच गठ्ठ्याला उभी रेघ आणि सुट्याला टिंब. आणखी काही दिवसांनी फक्त अंक. काड्या लवकर काढल्या तर चूक परत येते, आणि महिनाभर ठेवल्या तर मूल त्यांच्याशिवाय हलत नाही.

बाजारातल्या हिशोबाचंही असंच आहे. आठवडे बाजारात आईसोबत बसून सुटे पैसे चोख परत देणारी मुलगी वर्गात त्याच वजाबाकीला अडते. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा एक मोठा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हेच दिसलं. तोंडी व्यवहार पक्का, कागदावर तेच गणित कच्चं. उलट, फक्त शाळेत जाणाऱ्या मुलांना बाजारातला हिशोब जमेना. एक आलं की दुसरं आपोआप येतं, हे गृहीत धरू नये. नकली नोटा घेऊन आधी व्यवहार आणि लगेच त्याची मांडणी, अशी सांगड घालावी लागते.

रोजची पंचेचाळीस मिनिटं

पहिली पाच-सात मिनिटं तोंडी गणित. पाढे यातच, पण अख्खा पाढा घोकून नाही. सात अठ्ठे किती, हे काढायला सातचा पाढा पहिल्यापासून म्हणणाऱ्या मुलाला पाढा येतो, गुणाकार नाही. रोज चारच नव्या जोड्या आणि दहा जुन्या, उलटसुलट. सात चोक अठ्ठावीस येत असेल तर त्याची दुप्पट छप्पन्न, हे दाखवून द्यावं.

मग वीस मिनिटं त्या दिवसाचं एकच कौशल्य. दहा मिनिटं मुलाने एकट्याने सहा उदाहरणं. शेवटी चिठ्ठी: तीन उदाहरणं, नाव, तारीख, गोळा. उद्या कोणाला काय द्यायचं हे चिठ्ठ्यांवरून ठरतं, म्हणून त्या त्याच दिवशी बघायच्या. बारा मुलांच्या चिठ्ठ्या दहा मिनिटांत बघून होतात. लागोपाठ दोन दिवस तिन्ही बरोबर आली तर पुढची पायरी. आठवड्याने तेच कौशल्य पुन्हा एका चिठ्ठीत घालायचं. तिथे बरीच मुलं घसरतात, आणि ते अपेक्षितच असतं.

आठवड्यातले पाच दिवस, आठ ते दहा आठवडे, एवढी एक फेरी. शनिवार-रविवारी तीन-तीन तास घेणं सोयीचं वाटतं, पण सोमवारपर्यंत अर्धं विरून जातं.

फेरी कधी लावायची

वेळापत्रक पिकाकडे बघून ठरवावं. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात तपासणी आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली, तर दसऱ्यापर्यंत एक फेरी सुट्ट्या धरूनही बसते. दसऱ्यानंतर कापूस वेचणीला हात लागतात आणि पट गळतो. दिवाळीनंतर नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यातली कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात. काही होळीला येतात, काही थेट आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास. या भागात पूरक वर्ग जानेवारीत सुरू करणं म्हणजे ज्यांच्यासाठी काढला तीच मुलं गावात नसणं.

स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड मिळतं. त्यासोबत गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर दोन ओळी लिहून द्याव्यात: ‘दोन अंकी संख्या पक्क्या. हातच्याची वजाबाकी चालू, गठ्ठ्यांसह येते.’ तिकडच्या शिक्षकाला पुन्हा पहिल्यापासून चाचपडावं लागत नाही.

आश्रमशाळांना एक फायदा आहे: मुलं संध्याकाळी तिथेच असतात. पण जेवणानंतरची वेळ घेऊ नये, निम्मी पेंगतात. मार्चनंतर शाळा सकाळची झाली की पहिला तास पूरक वर्गाला द्यावा. अकराच्या उन्हात पत्र्याखाली कोणाचंच डोकं चालत नाही. आणि कुठल्याही ऋतूत खेळाचा किंवा चित्रकलेचा तास कापू नये. पूरक वर्ग शिक्षा वाटू लागला की हजेरी आपोआप पडते.

‘अभ्यासक्रम मागे पडेल त्याचं काय?’

हा आक्षेप शिक्षकांचा आणि रास्त आहे. पण ज्या मुलाला वजाबाकी येत नाही त्याचा अभ्यासक्रम पूर्ण होतो तो फक्त दैनंदिनीत. शिवाय पूरक वर्ग हा कोणाच्या मर्जीचा उपक्रमही नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २४ मध्ये प्रत्येक मुलाची शिकण्याची पातळी बघून गरजेप्रमाणे जादा शिकवणं हे शिक्षकाचं कर्तव्यच सांगितलंय. त्याच कायद्याचं कलम २८ शिक्षकाला खासगी शिकवणी घ्यायला मनाई करतं.

पातळीप्रमाणे गट करून शिकवण्याची पद्धत मुंबई आणि बडोद्यात २००१ ते २००३ दरम्यान ‘बालसखी’ नावाने तपासली गेली. वस्तीतल्याच शिकलेल्या तरुणी, १५-२० मागे पडलेली मुलं, शाळेच्या वेळेतले दोन तास. ‘प्रथम’ संस्थेच्या या कामाचं मोजमाप करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मुलांचे गुण वाढले, आणि दुसऱ्या वर्षी पहिल्यापेक्षा जास्त. उत्तर प्रदेशात २०१३-१४ मध्ये दहा ते वीस दिवसांची शिबिरं टप्प्याटप्प्याने घेतली, त्यांचाही परिणाम ठळक होता. उलट, काही राज्यांत शिक्षकांना नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य दिलं, वेळ मात्र राखून ठेवला नाही, तिथे फारसं काही हललं नाही. मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात चौकट आखून द्यावी, असं आग्रहाने सांगायचं ते यासाठी.

‘ढ मुलांचा वर्ग’ म्हणतील

म्हणतील, जर गट वर्षभर तोच राहिला आणि त्याला ‘क गट’ असं नाव दिलं तर. तीन-चार आठवड्यांनी फेरतपासणी करून मुलं इकडची तिकडे झालीच पाहिजेत. सातवीतल्या मुलीला तिसरीच्या पोरांत बसवू नये, ती दुसऱ्या दिवशी येणार नाही. दोन इयत्तांपेक्षा जास्त अंतर नको. जास्त असेल तर मोठ्यांचा लहानसा वेगळा गट करून उदाहरणं तरी त्यांच्या वयाची द्यावीत: ४७ किलो आणि ३८ किलो कापूस वेचला, मजुरीचा दर अमुक, उचल वजा जाता हातात किती.

शिकवणी लावलीय, मोबाइलवर ॲप आहे, मग वर्ग कशाला, असंही विचारलं जातं. शिकवणी बहुधा शाळेच्याच धड्याच्या मागे धावते. ॲप सरावाला चांगलं, पण ते ३५ ला चूक म्हणतं आणि पुढे सरकतं. कसं केलंस, हे त्याला ऐकू येत नाही.

आठवीच्या पुढे

इथे सगळंच मागचं भरून काढायला वेळ नसतो, निवड करावी लागते. ऋण संख्या, अपूर्णांक, गुणोत्तर आणि प्रमाण, या क्रमाने घ्यावं. बीजगणितातल्या चुका बहुतेक इथूनच निघतात. समीकरण अडलेल्या मुलाला आधी ३ − ८ आणि अर्धा अधिक एक तृतीयांश विचारून बघावं. अर्धा अधिक एक तृतीयांश याचं उत्तर दोन पंचमांश आलं, तर समीकरण आठवडाभर थांबलेलं बरं. भागाकारात ६१८ ÷ ३ चं २६ करणारी मुलं नववीतही सापडतात. दहावीच्या फेब्रुवारीत मात्र हे काही होणार नाही. तेव्हा नेमके प्रश्नप्रकार घोटून ३५ गाठायचे, आणि त्याला पूरक वर्ग म्हणू नये.

दहा आठवडे झाले, मूल हललं नाही

आधी हजेरी बघावी. पन्नासपैकी पंचवीस दिवस आलेल्या मुलावर पद्धत अजून वापरलेलीच नाही. मग डोळे आणि कान. फळ्यावरचा ८ कोणाला ३ दिसत असेल, तर इलाज चष्म्याचा आहे.

हजेरी चांगली, डोळे-कान ठीक, लहान गट, आणि तरीही ७ आणि ९ मध्ये मोठा कोणता यावर मूल थबकत असेल, तर डिस्कॅल्क्युलियाची शक्यता तपासून घ्यावी. बुद्धी चांगली असूनही संख्यांची जाण येण्यात मुळातच अडथळा असणं, असा तो प्रकार. शिक्षकाने निदान करू नये आणि तो शब्द पालकांसमोर सहज वापरूही नये. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये अध्ययन अक्षमतेत त्याचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत सवलती मिळतात. गटशिक्षणाधिकारी कार्यालयातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांकडे चिठ्ठ्यांची फाइल घेऊन जावं. दहा आठवड्यांच्या तारीखवार चिठ्ठ्या त्यांना कुठल्याही शेऱ्यापेक्षा जास्त सांगतात.

गटातून बाहेर पडल्यावर

बालसखीच्या अभ्यासातली एक गोष्ट कमी सांगितली जाते: कार्यक्रम संपून वर्ष झाल्यावर झालेला फायदा बराच ओसरला होता. म्हणून मूल पुढच्या पायरीवर गेलं की त्याचं नाव यादीतून काढू नये. महिन्याने एक चिठ्ठी, तीन महिन्यांनी एक चिठ्ठी, दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर पहिल्याच आठवड्यात एक. तीनपैकी दोन चुकली तर आठ-दहा दिवसांसाठी परत गटात. वर्गशिक्षक वेगळे असतील तर ही यादी त्यांच्या टेबलावर असावी, आणि त्यांनी वर्गात त्या मुलाला पहिले काही दिवस असाच प्रश्न विचारावा ज्याचं उत्तर त्याला येतं.